धारेचा आधार



वसंतातल्या व्याख्यानांची ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झाली आणि पुढे गावोगाव पसरली. राज्यकारभार, वेदान्त, इतिहास, नाटक, अर्थकारण असे भारदस्त विषय या व्यासपीठांनी पुष्कळ ऐकले. आज आम्ही मात्र आपल्यापुढे आठ इंच लांबीचा एक दगड आणि त्याच्याखाली घालावयाची एक लाकडी बैठक घेऊन उभे आहोत. विषय ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर स्मित आले असेल, तर त्यात वावगे काही नाही. फक्त एवढेच आश्वासन देतो की, विषय लहान असला तरी पोकळ नाही. आणि ज्यांच्या घरी विळी, सुरी किंवा पटाशी आहे, त्या सर्वांचा तो आहे.

धार लावण्याच्या दगडाला आपल्याकडे निसणा म्हणतात. कोणी साण म्हणतात. न्हाव्याच्या धोकटीत तो असे, चांभाराच्या रापीशेजारी असे, सुताराच्या पेटीत तर असलाच पाहिजे. पूर्वी हे दगड खाणीतून निघत, आणि काही मुलूख त्यांच्यासाठीच नावाजले होते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातला नोव्हाक्युलाइट, बेल्जममधल्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल, जपानात क्योटोच्या आसपासचे पाण्यावर चालणारे दगड, ही त्यांतली मोठी घराणी. आज दुकानात मिळतो तो बहुधा बनवलेला दगड असतो, आणि त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे.

१८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचा गृहस्थ कृत्रिम हिरा तयार करण्याच्या खटपटीत होता. माती आणि कोळशाचा कोक विजेने तापवताना त्याच्या हाती चकाकणारे, अतिशय कठीण असे स्फटिक आले. ते हिरे नव्हते. कार्बन आणि सिलिकॉन यांचे ते संयुग होते. त्याने त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. कार्बन आणि कोरंडम या दोन शब्दांची ती सांगड. आता हे कोरंडम कोठले? ते आपले कुरुंद! तमिळमधला 'कुरुंदम्' इंग्रजीत जाऊन कोरंडम झाला. संस्कृतातला 'कुरुविंद' हा त्याचाच सगोत्र. म्हणजे दुकानदार खोक्यावरचे जे विलायती नाव आपल्याला ऐटीने वाचून दाखवतो, त्याच्या पोटात दक्षिणेचा एक जुना शब्द बसलेला आहे. आणि योगायोग असा की, तो शब्द ज्या मुलखातून निघाला, तेथेच, मद्रासला, १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली.

असा हा दगड आपण विकत आणतो. साधारणपणे तो आठ इंच लांब, दोन इंच रुंद आणि एक इंच जाड असतो. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर दोनशे, पन्नास आणि पंचवीस. एक बाजू खरखरीत, दुसरी मऊ. खरखरीत बाजूने धार काढायची, मऊ बाजूने ती निसायची. येथपर्यंत सर्व ठीक. पण पुढे काय होते? तो दगड खिडकीच्या कट्ट्यावर, मोरीच्या कडेला, नाही तर सरळ डाव्या हातात धरून काम सुरू होते. उजवा हात पाते चालवतो आणि डावा हात दगड सांभाळतो. म्हणजे ज्या कामाला दोन्ही हात हवेत, ते एका हाताने आणि तेही हलत्या जमिनीवर चालते!

धार म्हणजे काय, याचा जरा विचार करू. दोन सपाट पृष्ठे एका ठरलेल्या कोनात मिळतात, आणि जेथे मिळतात तेथे शून्याजवळची जाडी उरते. तिचे नाव धार. रंध्याचे पाते बहुधा पंचवीस अंशांवर उतरते करतात आणि शेवटची निसणी तीस अंशांच्या जवळपास देतात. हा कोन प्रत्येक फेऱ्यात तोच राहिला पाहिजे. आता आठ इंचांच्या दगडाचे एक टोक कामाच्या भरात दोन सुतांनी उचलले गेले असे समजा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सुतारांना सांगावयास नको. तेवढ्याने कोन पावणेदोन अंशांहून थोडा अधिक बदलतो. पुढच्या फेऱ्यात टोक खाली बसले की कोन पुन्हा वेगळा. शंभर फेऱ्यांत शंभर कोन! दोन सपाट पृष्ठे मिळण्याऐवजी एक गोलाई तयार होते. पाते चकाकते, पण कापीत नाही.

येथे खरे नुकसान होते, आणि ते पात्याचे नव्हे, माणसाचे. एखादा मुलगा हौसेने सुतारकाम शिकू लागतो. रंधा लाकडावर चालवतो. रंधा अडतो, लाकडाच्या खपल्या निघतात. पटाशीवर जोर देतो. ती निसटते आणि बोट कापते. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा अधिक घातक असते, कारण त्याला अधिक जोर लावावा लागतो आणि जोराचे हत्यार सुटले की आवरत नाही. चार-सहा महिन्यांनी तो मुलगा म्हणतो, 'आमच्या हातात कलाच नाही.' वडील मंडळीही मान डोलावतात. वास्तविक त्याच्या हातात काहीच कमी नव्हते. दगडाखाली आधार नव्हता. एका लाकडाच्या तुकड्यावाचून एक कारागीर गेला, आणि त्याची कोठे नोंदही झाली नाही. म्हणून हा विषय आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

भगिनीवर्गाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. आपली विळी घ्या. जगात बहुतेक ठिकाणी सुरी हातात धरून भाजी कापतात. आपल्याकडे पाते पाटाला जडवले, पाटावर पाय ठेवला, आणि दोन्ही हात भाजीसाठी मोकळे केले. विळीचे अर्धे कौशल्य तिच्या पात्यात आहे, तर अर्धे तिच्या पाटात आहे. पाट डुगडुगू लागला तर कितीही चांगल्या पात्याची विळी निरुपयोगी, हे स्वयंपाकघरात कोणालाही ठाऊक असते. निसण्याच्या बैठकीचे तत्त्व हेच. जे स्थिर असावयाचे ते पक्के स्थिर करा, म्हणजे जे चालावयाचे ते मोकळेपणाने चालेल. जपानी सुतार आपला दगड लाकडी बैठकीवर बसवतो. इंग्रज सुतार त्यासाठी झाकणाची लाकडी पेटी करीत असे. देश निराळे, गरज एकच.

आता कोणी विचारील, 'अशी बैठक बाजारात मिळत नाही काय?' मिळते. रबराची मिळते, प्लास्टिकची मिळते, आणि काहींचे काम तिने भागतेही. पण दगड झिजतो, त्याची जाडी बदलते; एका कारखान्याचा दगड दुसऱ्याच्या मापाशी जुळेलच असे नाही. आणि माणूसही निरनिराळा. कोणी टेबलाशी उभा राहून काम करतो, तर आपला पुष्कळसा कारागीरवर्ग जमिनीवर बसून काम करतो. बाजारची वस्तू सर्वांसाठी केलेली असते. ही बैठक त्या दगडासाठी, त्या हातासाठी आणि त्या बसण्यासाठी करावयाची आहे. ती कशी करावी, हे आता क्रमाने सांगतो.

प्रथम लाकूड. सागाचा तुकडा उत्तम. साग ऋतूप्रमाणे फार हलत नाही, आणि त्याच्या अंगी मूळचे तेल असते. नवे लाकूड आणण्याचे कारण नाही. जुन्या चौकटीचा उरलेला तुकडा अधिक चांगला, कारण तो पुरता वाळलेला असतो. आंबा नको, त्याला कीड लवकर लागते. टेबलावर काम करणाऱ्याने तेरा इंच लांब, तीन इंच रुंद आणि दहा सुते जाड असा तुकडा घ्यावा. जमिनीवर बसणाऱ्याने लांबी अठरा इंच, म्हणजे एक हात, ठेवावी. ती पाच इंचांची शेपटी आपल्या बाजूला राहील आणि तिच्यावर गुडघा टेकता येईल. विळीच्या पाटावर पाऊल असते, तसाच हा प्रकार.

तुकडा रंधून सपाट केल्यावर आखणी. येथे फूटपट्टीवर फार विसंबू नये. दगडच लाकडावर ठेवावा आणि त्याच्या कडेने रुंदीच्या रेघा ओढाव्यात. पेन्सिलीने नव्हे, सुरीच्या टोकाने. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते. शिवाय त्या चिरेत पटाशीची धार आपोआप बसते. खोबणीची रुंदी दगडाएवढी, खोली तीन सुते आणि लांबी अकरा इंच. दगड तर आठच इंच. मग उरलेले तीन इंच कशाला? ते दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांसाठी. त्यांचे मर्म पुढे सांगतो. खोबणीच्या दोन्ही टोकांना मात्र एक-एक इंच लाकूड अखंड राहिले पाहिजे. तेथे कंजूषपणा केला तर पाचरीच्या दाबाने तो भाग लाकडाच्या रेषेने सरळ उडून जातो.

खोबण कोरताना घाई नको. बोटाबोटाच्या अंतरावर पटाशीने आडवे घाव घालावेत, मग मधले लाकूड हलक्या हाताने उचलावे. तळाची खोली सगळीकडे सारखी आहे की नाही हे पाहण्यासाठी एका पट्टीतून खिळा तीन सुते बाहेर काढावा आणि ती पट्टी खोबणीवरून फिरवावी. खिळा जेथे अडेल तेथे तळ उंच आहे. शेवटची परीक्षा दगडाची. त्याच्या खालच्या अंगाला गेरू चोळावा, दगड खोबणीत ठेवावा, किंचित हलवून उचलावा. तळावर जेथे तांबडे डाग उमटतील तेवढेच भाग तासावेत. असे चार-पाच वेळा केले की डाग सर्व तळभर पसरतात. मग दगडाच्या चारही कोपऱ्यांवर बोट दाबून पाहावे. तो कोठेही डुगडुगला नाही की अर्धे काम झाले.

रुंदीच्या बाजूला दगड घट्ट ठोकून बसवू नये. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असू द्यावी. याचे कारण आपल्या हवेत आहे. लाकूड लांबीत फारसे कमीजास्त होत नाही, पण रुंदीत होते. आषाढात दमट हवेने पसरलेली खोबण वैशाखात आवळते. आत दगड असतो, आणि दगड काही दबत नाही. मग लाकडालाच तडा जातो. म्हणून दगड रुंदीत आवळायचा नाही, लांबीत आवळायचा.

आता त्या ठोकळ्यांकडे येऊ. शिसव किंवा बाभूळ यांसारख्या घट्ट लाकडाचे दोन ठोकळे घ्यावेत. दोन इंच रुंद आणि दगडाइतकेच उंच. पहिला लांबीत दीड इंच, दुसरा त्याहून दोन सुतांनी कमी. लाकडाच्या रेषा त्यांत उभ्या ठेवाव्यात, म्हणजे करवतीने कापलेला शेवट माथ्यावर येईल. एक ठोकळा खोबणीच्या पुढच्या टोकाला, मग दगड, मग दुसरा ठोकळा. आणि त्याच्या मागे उरलेल्या फटीत एक पातळ पाचर. पाचर हलकेच ठोकली की ठोकळा दगडाला भिडतो, दगड पुढच्या ठोकळ्याला भिडतो, आणि सगळे एकजीव होते. पाचरीचे डोके ठोकळ्याच्या माथ्याखाली राहावे, म्हणजे पात्याला ते लागणार नाही. दगड उलटायचा झाला तर पाचर चिमटीत धरून उपसावी, मऊ बाजू वर करावी, पुन्हा पाचर द्यावी. सरस लावून दगड कायमचा चिकटवण्याचा मोह कित्येकांना होतो. पण मग दगडाची एक बाजू जन्मभर अंधारकोठडीत जाते.

या दोन ठोकळ्यांचे काम केवळ दगड धरण्याचे असते, तर ते आखूड आणि ठेंगणे चालले असते. ते दगडाच्या माथ्याबरोबर का हवेत? कारण दगड नेहमी मध्यावर झिजतो. पाते दगडावरून खाली पडेल या भीतीने हात टोकांपर्यंत जात नाही. मधल्या चार-पाच इंचांतच घुटमळतो. वर्षभरात दगडाच्या मध्यभागी खळगा पडतो, आणि खोलगट दगडावर सरळ धार येणे शक्य नाही. पात्याला दगडाच्याच खळग्याचा आकार येतो. ठोकळे माथ्याबरोबर असले म्हणजे पाते दगडाच्या पहिल्या कडेपासून शेवटच्या कडेपर्यंत बिनधास्त जाते, थोडे लाकडावर उतरते आणि परत येते. आठच्या आठ इंच सारखे झिजतात. रेषा उभ्या असल्यामुळे पाते लाकडाची साल सोलीत नाही. आणि उभ्या रेषेच्या लाकडाची उंची पावसाळ्या-उन्हाळ्यात जवळजवळ तीच राहते, म्हणून ते दगडाच्या पातळीत टिकते. दगड झिजून किंचित खाली गेला तर ठोकळ्याचा माथा तेवढाच तासावा. ठोकळे फारच ओरखडले तर नवे करावेत. लाकूड झिजते, म्हणून दगड सपाट राहतो. दगड सपाट राहतो, म्हणून धार सरळ येते. आणि धार सरळ येते, म्हणून चौकटीचा सांधा बसतो. घरात राहणाऱ्याला दार नीट लागलेले दिसते. त्या दाराच्या मागे कोठे तरी बाभळीचा एक ओरखडलेला ठोकळा आहे, हे त्याला दिसत नाही.

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण तेथे लाकडी छताचे वासे खडकात कोरून काढले आहेत. तेथे दगडाने लाकडाचा वेश घेतला. येथे लाकूड दगडाची सेवा करते आहे. दोन्हींचा मान आपापल्या जागी.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. टेबलावर काम करणाऱ्याने बैठकीच्या खाली, आपल्या बाजूच्या टोकाला, एक आडवी पट्टी मारावी. ती टेबलाच्या कडेला अडते आणि पाते पुढे लोटताना बैठक सरकत नाही. लाकडाला अळशीच्या तेलाचे दोन-तीन हात पातळ द्यावेत. तेल पुसलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्यांत आपोआप उष्णता साठून पेट घेण्याचा धोका असतो. ती पसरून उघड्यावर वाळवावीत. आणि हेच तेल दगडावर घालू नये. अळशीचे तेल सुकून घट्ट होते. लाकडाला तो गुण आहे, दगडाला तोच दोष, कारण त्याची बारीक छिद्रे बुजतात. दगडासाठी शिवणयंत्राचे पातळ तेल बरे. पाण्यावर चालणारा दगड असेल तर काम संपल्यावर तो बैठकीतून काढून वाळवावा. ओला दगड खोबणीत ठेवला की खालचे लाकूड कुजते. वर एक साधे झाकण असावे. मऊ बाजूवर खरखरीत वाळूचा एक कण पडला, तर तासाभराची मेहनत एका ओरखड्यात जाते.

या सर्वाला किती वेळ लागतो? सवय असलेल्याला अर्धा दिवस, नवशिक्याला दोन दिवस. येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. 'अहो, आज विजेची चाके आहेत, हिऱ्याचे कण बसवलेल्या पोलादी पट्ट्या आहेत. या जुन्या दगडाचे कौतुक कशाला?' आमचे त्या साधनांशी भांडण नाही. चाकाने पाते लवकर उतरते, हिऱ्याची पट्टी सहसा खोलगट होत नाही. पण चाकावर पाते तापले तर त्याचे पाणी उतरते. आणि हिऱ्याची पट्टीदेखील हलत्या टेबलावर ठेवली, तर कोन बदलतोच. साधन बदलले तरी आधाराची गरज गेली नाही.

दुसरे असे की, ही बैठक नवशिक्यासाठी उत्तम पहिला धडा आहे. तिच्यात आखणे आहे, कापणे आहे, कोरणे आहे, सपाटी तपासणे आहे, पाचरीचे तत्त्व आहे आणि लाकडाच्या स्वभावाची ओळखही आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार गांधीजींनी देशापुढे मांडला. त्या योजनेच्या यशापयशाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण हाताने केलेली वस्तू तत्काळ खरेखोटे सांगते, तिला खुशामत कळत नाही, एवढे तरी कोणीही मान्य करील. गेरूचा डाग मुलाला जितक्या स्पष्टपणे चूक दाखवतो, तितक्या स्पष्टपणे आणि तितक्या अबोलपणे आम्हा बोलणाऱ्यांना ती दाखवता येत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. आपल्या घरात किंवा शेजारी एखादे मूल हत्यार हातात घेऊ पाहत असेल, तर त्याला नवे हत्यार आणून देण्याआधी एक सागाचा तुकडा, एक दगड आणि दोन दिवसांची सवड द्या. त्याची पहिली पटाशी कोणा जाणत्याने निसून द्यावी, म्हणजे त्या धारेने तो आपली बैठक कोरील. आणि पुढची प्रत्येक धार त्या बैठकीवर तो स्वतः लावील. 'हातात कला नाही' हा निकाल त्यानंतर द्यायचा असेल तर द्यावा. आमचा अंदाज असा आहे की, तो देण्याची वेळ क्वचितच येईल.